गाईच्या भाकड दिवसांचा हिशेब

सडक अर्जुनी तालुका हा धानाचा मुलूख होय. येथे कुटुंबाच्या शेतीवर एकदोन गाई व चार शेळ्या असणे ही जुनी रीत आहे. बैलजोडीचे बरेचसे काम आता ट्रॅक्टरकडे गेले असले, तरी दारची गाय राहिलीच आहे. तिच्यापासून नफा किती उरतो असे विचारल्यास बहुतेक शेतकरी दुधाचा भाव सांगतात. भाव महत्त्वाचा खरा; परंतु तो शेतकऱ्याच्या हाती नसतो.

समजा, एक गाय एका वेतात १,५०० लिटर दूध देते, आणि तिचा खुराक, औषध इत्यादी रोख खर्च सरासरीने रोज दोन लिटर दुधाच्या किमतीइतका येतो. हिशेब मुद्दाम लिटरमध्ये मांडला आहे. ज्याने त्याने आपल्या गावच्या भावाने गुणून घ्यावा. गाय ४०० दिवसांनी पुन्हा व्याली, तर खर्च ८०० लिटर व शिल्लक ७००. तीच गाय ५४० दिवसांनी व्याली, तर खर्च १,०८० व शिल्लक ४२०. वर्षाच्या मापाने पहिली शिल्लक ६३९ लिटर होते, दुसरी अवघी २८४.

यात घरच्या माणसांची मजुरी धरलेली नाही. शेण काढणे, पाणी पाजणे, धार काढणे यांस रोज दोन तास लागले, तर वर्षाचे ७३० तास, म्हणजे आठ तासांचे ९१ दिवस होतात. हे काम बहुधा घरची स्त्री करते व ते कोणत्याही वहीत चढत नाही. तिच्या एका दिवसाच्या श्रमाचे मोल पहिल्या गाईपासून सात लिटर दूध पडते, दुसरीपासून जेमतेम तीन लिटर. शेणखताची किंमत यात मिळवावी; धानाच्या बांधीला त्याचा उपयोग मोठा आहे. तरीही फरक बुजत नाही.

गाय सुमारे २८० दिवस गाभण असते. म्हणून ४०० दिवसांचे अंतर साधावयाचे, तर व्याल्यापासून १२० दिवसांच्या आत ती फळली पाहिजे. माज साधारणतः २१ दिवसांनी येतो. एक माज हुकला की ४२ लिटरांचा खर्च वाढला. रोवणीच्या दिवसांत सारे घर बांधीत असते आणि माज नेमका तेव्हाच नजरेतून सुटतो. पहाटे व रात्री निजण्यापूर्वी गाय एकदा पाहावी. सकाळी माज दिसल्यास सायंकाळी, सायंकाळी दिसल्यास दुसऱ्या सकाळी रेतन करवावे.

अशक्त गाय माजावर येतच नाही, हे दुसरे कारण. नुसते धानाचे तणस पोट भरते, पण त्यात प्रथिने फार थोडी असतात. शंभर किलो तणसावर चार किलो युरिया चाळीस ते पन्नास लिटर पाण्यात पूर्ण विरघळवून थराथराने शिंपडावा, तणस दाबून हवाबंद झाकावे व तीन आठवड्यांनी उघडावे. चारण्यापूर्वी काही वेळ पसरून ठेवावे, म्हणजे उग्र वास निघून जातो. सहा महिन्यांखालील वासरांस हे तणस देऊ नये. युरियाचे पाणी जनावराच्या तोंडी लागल्यास विषबाधा होते, म्हणून ते उघडे ठेवू नये.

ग्रामसेवकांनी प्रत्येक गोठ्याच्या भिंतीवर गेरूने तीन तारखा लिहवून घ्याव्यात: व्याल्याची, रेतनाची व गाभण तपासणीची. रेतनानंतर तीन महिन्यांनी तपासणी करून घेतली नाही, तर रिकामी गाय गाभण समजून पोसली जाते.