Explained: २०२३ चा सिनेमा, पुरस्कार २०२५ मध्ये! राष्ट्रीय चित्रपट पुरस्कार नेमके ठरतात कसे?

दिल्लीच्या विज्ञान भवनात २३ सप्टेंबर २०२५ रोजी राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते ७१ वे राष्ट्रीय चित्रपट पुरस्कार प्रदान झाले. शाहरुख खानला कारकिर्दीतला पहिला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला आणि दिवसभर सोशल मीडियावर तोच दिसत राहिला. पण ‘जवान’ तर २०२३ मध्ये आला होता. मग पुरस्कार आत्ता कसा?

उशीर का होतो?

या पुरस्कारांसाठी प्रदर्शनाची नव्हे, तर सेन्सॉर प्रमाणपत्राची तारीख मोजली जाते. १ जानेवारी ते ३१ डिसेंबर २०२३ या काळात प्रमाणपत्र मिळालेले सिनेमे ७१ व्या पुरस्कारांसाठी पात्र होते. कोविडकाळात वेळापत्रक घसरलं, ते अजून पूर्ण रुळावर आलेलं नाही.

आणखी एक गोष्ट. सिनेमा आपोआप स्पर्धेत जात नाही, त्यासाठी प्रवेशिका पाठवावी लागते. सेन्सॉर प्रमाणपत्र न घेता थेट ओटीटीवर आलेला सिनेमा कितीही गाजला, तरी या शर्यतीत नसतो.

निवड कोण करतं?

कथापटांसाठी दोन टप्पे असतात. आधी पाच प्रादेशिक समित्या सिनेमे पाहून शिफारस करतात, मग केंद्रीय ज्युरी अंतिम निर्णय घेते. यंदा या ज्युरीचे अध्यक्ष आशुतोष गोवारीकर होते.

यंदा कोण जिंकलं?

- सर्वोत्कृष्ट चित्रपट : ‘ट्वेल्थ फेल’
- अभिनेता : शाहरुख खान (‘जवान’) आणि विक्रांत मॅसी (‘ट्वेल्थ फेल’), विभागून
- अभिनेत्री : राणी मुखर्जी (‘मिसेस चॅटर्जी व्हर्सेस नॉर्वे’)
- दिग्दर्शक : सुदीप्तो सेन (‘द केरला स्टोरी’)
- दादासाहेब फाळके पुरस्कार : मोहनलाल

‘द केरला स्टोरी’च्या निवडीवरून वादही झाला. केरळचे मुख्यमंत्री पिनराई विजयन यांनी जाहीर टीका केली.

मराठीच्या वाट्याला काय?

बरंच काही! सुजय डहाकेचा ‘श्यामची आई’ सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपट ठरला. ‘नाळ २’ सर्वोत्कृष्ट बालचित्रपट, तर ‘आत्मपॅम्फ्लेट’साठी आशिष बेंडेला पदार्पणाचा पुरस्कार. बालकलाकाराचा पुरस्कार पाच जणांत विभागला गेला. त्यातले चौघे मराठी सिनेमांतले : त्रिशा ठोसर, श्रीनिवास पोकळे, भार्गव जगताप (‘नाळ २’) आणि कबीर खंदारे (‘जिप्सी’).

सुवर्ण आणि रजत कमळात फरक काय?

सर्वोत्कृष्ट चित्रपट, दिग्दर्शक, पदार्पण, बालचित्रपट अशा मोजक्या विभागांना सुवर्ण कमळ आणि ३ लाख रुपये मिळतात. अभिनय, तांत्रिक विभाग आणि भाषांमधल्या सर्वोत्कृष्ट चित्रपटांना रजत कमळ आणि २ लाख. म्हणजे ‘सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपट’ आणि देशातला ‘सर्वोत्कृष्ट चित्रपट’ हे दोन वेगळे पुरस्कार आहेत. व्हॉट्सअ‍ॅप फॉरवर्डमध्ये हमखास गल्लत होते ती इथेच.

देशातला पहिला क्रमांक मराठीने आजवर पाच वेळा मिळवला. १९५४ मध्ये हे पुरस्कार सुरू झाले तेव्हा पहिलंच राष्ट्रपती सुवर्णपदक आचार्य अत्रे यांच्या ‘श्यामची आई’ला मिळालं. त्यानंतर ‘श्वास’, ‘देऊळ’ (‘ब्यारी’ या सिनेमासोबत विभागून), ‘कोर्ट’ आणि ‘कासव’.

पुरस्काराने सिनेमाचं भलं होतं?

प्रतिष्ठा मिळते, पडदा मिळेलच असं नाही. सुमित्रा भावे-सुनील सुकथनकर यांच्या ‘कासव’ला एप्रिल २०१७ मध्ये सुवर्ण कमळ जाहीर झालं, तेव्हा तो थिएटरमध्ये लागलेलाही नव्हता. प्रेक्षकांपर्यंत यायला त्याला ऑक्टोबर उजाडला. ‘जवान’ला पुरस्काराने फार फरक पडणार नाही. ‘आत्मपॅम्फ्लेट’ किंवा ‘जिप्सी’चं तसं नाही. अशा सिनेमांची नावं अनेकांना यादी जाहीर झाल्यावरच कळतात. त्यामुळे यंदाच्या यादीतलं एखादं नाव तुम्ही पहिल्यांदाच ऐकत असाल, तर बघायला सुरुवात तिथूनच करा.