ऐतिहासिक कादंबरीतील परी



दिल्ली शहराच्या उत्तरेस खडकाळ टेकड्यांची जी लांबट रांग पसरली आहे, तिच्यावर महानगरपालिकेचे एक मोठे रुग्णालय आहे. त्याचे नाव हिंदुराव. दिल्लीत नव्याने येणाऱ्या मराठी माणसाला ते ऐकून प्रथम नवल वाटते. हे हिंदुराव म्हणजे कागलकर घाटगे, दौलतराव शिंद्यांच्या पत्नी बायजाबाई यांचे बंधू. ज्या वाड्यावरून रुग्णालयाला हे नाव मिळाले, तो मात्र त्यांनी बांधलेला नव्हता. १८३० च्या सुमारास विल्यम फ्रेझर नावाच्या एका स्कॉटिश अधिकाऱ्याने तो बांधला. १८३५ च्या मार्च महिन्यात फ्रेझरचा दिल्लीत खून झाला आणि पुढे ही वास्तू हिंदुरावांनी विकत घेतली. ह्या फ्रेझरचा थोरला भाऊ जेम्स बेली फ्रेझर हाही काही काळ दिल्लीत राहून गेला होता. मायदेशी परतल्यावर तो कादंबरीकार झाला, आणि स्कॉटलंडच्या डोंगराळ मुलुखावर त्याने लिहिलेली 'द हायलंड स्मगलर्स' ही कादंबरी १८३२ साली प्रसिद्ध झाली. त्याच वर्षी सर वॉल्टर स्कॉट वारला.

एका घराला स्कॉटलंडचा माणूस पाया घालतो आणि मराठा सरदार आपले नाव देतो, हा योगायोग खरा. परंतु ह्या दोन समाजांत साम्येही पुष्कळ आहेत. दोघेही डोंगरांत वाढलेले, दोघांनाही किल्ल्यांचा अभिमान, दोघांच्याही घरात भाऊबंदकी, आणि दोघांच्याही इतिहासात एक मोठा पराभव. स्कॉटलंडमधील डोंगरी कुळांचा शेवटचा उठाव १७४६ साली कलोडनच्या माळावर चिरडला गेला. शिंद्यांच्या फौजेचा १८०३ साली पटपडगंजला पराभव होऊन दिल्ली इंग्रजांच्या हाती गेली आणि १८१८ साली पेशवाई बुडाली. कलोडननंतर अडुसष्ट वर्षांनी, १८१४ साली, स्कॉटची 'वेव्हर्ली' निघाली. पेशवाई बुडाल्यानंतर त्रेपन्न वर्षांनी, १८७१ साली, रामचंद्र भिकाजी गुंजीकर यांची 'मोचनगड' ही मराठीतील पहिली ऐतिहासिक कादंबरी अवतरली. लढाई पाहिलेली अखेरची माणसे डोळे मिटू लागली, की त्यांच्या नातवंडांना ती लढाई लिहून ठेवावीशी वाटते, असा हा प्रकार दिसतो.

आजी जेव्हा लढाईची गोष्ट सांगते, तेव्हा त्या गोष्टीत तोफा असतात तशी भुतेही असतात. नातवाने कादंबरी लिहावयास घेतली म्हणजे ह्या भुतांचे काय करावयाचे, हा प्रश्न त्याच्यापुढे उभा राहतो. आज ह्याच प्रश्नासंबंधी चार शब्द सांगावयाचे आहेत, आणि त्यासाठी स्कॉटची एक फसलेली कादंबरी मी निवडली आहे. तिचे नाव 'द मॉनॅस्टरी', म्हणजे मठ. ती १८२० साली प्रसिद्ध झाली.

कथेचा काळ सोळाव्या शतकाचा मध्य. युरोपात धर्मसुधारणेची धामधूम चालली आहे. स्कॉटलंडच्या दक्षिण सीमेवर एक श्रीमंत मठ आहे. स्कॉटने त्याला केनाक्वेअर असे नाव दिले; त्याचा अर्थच मुळी 'कोण जाणे कोठे' असा होतो. वाचकांनी मात्र तो मेलरोजचा मठ हे लगेच ओळखले, कारण लेखकाचे स्वतःचे घर तेथून जवळच होते. मठाच्या जमिनीवर एका आडबाजूच्या खोऱ्यात ग्लेंडिअर्ग नावाची गढी आहे. तिथल्या बाईचा नवरा १५४७ साली पिंकीच्या लढाईत पडला आहे, आणि हॅल्बर्ट व एडवर्ड ह्या दोन मुलांना घेऊन ती दिवस काढते आहे. तिच्या आश्रयास अ‍ॅव्हेनेल ह्या थोर घराण्याची विधवा आपल्या मेरी नावाच्या मुलीसह येते. बरोबर येते एक पुस्तक, लोकभाषेत उतरलेले बायबल. मठाच्या दृष्टीने ते पुस्तक घरात ठेवणे हा अपराध. धर्मग्रंथ लोकांच्या बोलीत आणणे किती धोक्याचे असते, हे एकनाथांच्या वाचकांना निराळे सांगावयास नको. नाथांचे शतकही हेच.

ह्या अ‍ॅव्हेनेल घराण्याला एक राखणदारीण आहे. ती मानवी नव्हे. अंगावर पांढरे वस्त्र, बोलणे सारे पद्यात. आपण तिला शुभ्रवसना म्हणू. मठातला एक साधू ते पुस्तक जप्त करून निघतो, तेव्हा नदीकाठी त्याला एक रडणारी तरुणी भेटते. दया येऊन तो तिला आपल्या खेचरावर घेतो, आणि भर प्रवाहात ती त्याला गटांगळ्या खाऊ घालते. पुस्तक जिथल्या तिथे परत. पुढे हॅल्बर्ट तिला झऱ्याकाठी बोलावतो; ती त्याला भूगर्भातल्या गुहेत नेते, आणि तेथे ज्वाळांच्या मधोमध ते पुस्तक न जळता राहिलेले त्याला दिसते. शुभ्रवसनेच्या कमरेला सोन्याचा पट्टा आहे. घराण्याचे वैभव ओसरत जाते, तसतसा तो बारीक होत जातो आणि अखेर धाग्याइतका उरतो. इतकी सुंदर कल्पना स्कॉटलाही फार वेळा सुचली नसेल.

असे असून वाचकांनी नाके मुरडली. त्याच वर्षी निघालेल्या 'द अ‍ॅबट' ह्या पुढच्या भागात स्कॉटने शुभ्रवसनेला मुकाट्याने रजा दिली, आणि १८३० च्या नव्या आवृत्तीला जोडलेल्या प्रस्तावनेत ती लोकांना आवडली नाही हे त्याने मोकळेपणाने कबूल केले. फूके ह्या जर्मन लेखकाच्या 'उंडीने' ह्या जलपरीच्या कथेवरून आपल्याला ही कल्पना सुचली, हेही तो तेथे सांगतो.

मग चूक कोठे झाली? अद्भुताचे स्कॉटला वावडे होते असे नाही. तरुणपणी सीमाप्रांतातील गावोगाव हिंडून त्याने जुने पोवाडे गोळा केले होते आणि ते १८०२ पासून छापून काढले होते. आपल्याकडे अ‍ॅक्वर्थ आणि शाळिग्राम यांनी १८९१ साली ऐतिहासिक पोवाड्यांचा संग्रह प्रसिद्ध केला, त्या जातीचे हे काम. पऱ्यांविषयी लोक काय मानतात, हे त्याला पुरते ठाऊक होते. त्याच्या पहिल्याच कादंबरीत, 'वेव्हर्ली'त, फर्गस नावाचा एक डोंगरी सरदार आहे. त्याच्या कुळात असा समज आहे, की कुळप्रमुखावर संकट येणार असले म्हणजे एक करडा म्हातारा दिसतो. एका रात्री फर्गसला तो दिसतो. वेव्हर्ली हा त्याचा इंग्रज मित्र सुशिक्षित आहे. थकल्या शरीराला आणि शिणल्या मनाला झालेला हा भास, असे तो मनाशी ठरवतो. परंतु थोड्याच वेळात फर्गस शत्रूच्या हाती सापडतो. म्हातारा खरोखर होता की नव्हता, हे स्कॉट सांगत नाही. त्याला ते सांगण्याची गरजही नाही. फर्गसने तो पाहिला, आणि आपला शेवट जवळ आला हे जाणून तो त्याला ताठ मानेने सामोरा गेला, एवढे आपल्याला कळते, आणि तेवढ्याने अंगावर काटा येतो.

'द मॉनॅस्टरी'त हेच नाते उलटे झाले. शुभ्रवसना कोणाच्या मनातून उगवत नाही. लेखक तिला हाताला धरून रंगभूमीवर आणतो. कथानक अडले, की ती हजर. द्वंद्वयुद्धात पडलेला माणूस ती उठवून उभा करते. एका बढाईखोर इंग्रज सरदाराला त्याच्या शिंपी आजोबांची आठवण करून देऊन खजील करावे, म्हणून ती हॅल्बर्टच्या हाती टोचा देते. जी कुळाचे भवितव्य जाणते, तिने असल्या थट्टेत वेळ घालवावा, हे वाचकाला पटत नाही. तो तिला भीतही नाही आणि तिच्यासाठी हळहळतही नाही. भोवतीची माणसे मात्र धर्मासाठी खरोखर जीव द्यावयास निघालेली असतात. त्यांच्या इतिहासात ही परी पाहुणीच राहते.

मराठी कादंबरीने हा प्रश्न कसा सोडविला? लक्ष्मण मोरेश्वर हळबे यांची 'मुक्तामाला' १८६१ साली आणि नारो सदाशिव रिसबूड यांची 'मंजुघोषा' १८६८ साली निघाली. ह्या अद्भुतरम्य कादंबऱ्यांत अशक्य असे काहीच नव्हते. पुढे हरिभाऊ आपटे आले. स्कॉट त्यांनी वाचलेला होता. 'करमणूक' पत्रातून 'उषःकाल' लिहिताना परीकथेचे ते सारे नेपथ्य त्यांनी बाजूस सारले आणि शिवकालाच्या उदयासमयीची जिवंत माणसे पुढे आणली. हा फार मोठा लाभ झाला, यात शंका नाही. परंतु त्यानंतर आपल्या मनात एक समजूत हळूहळू रुजली, की ऐतिहासिक कादंबरी जितकी कागदपत्रांना धरून, तितकी ती खरी. आणि नवस, कौल, दृष्टान्त, शकुन हा केवळ अडाणीपणा, तो गाळलेला बरा.

येथे थोडे थांबून विचार करावा असे मला वाटते. अफझलखानाच्या स्वारीच्या वेळी तुळजापूरच्या भवानीने शिवाजीमहाराजांना दर्शन देऊन यशाचे वचन दिले आणि महाराजांनी ते आपल्या माणसांस सांगितले, असे सभासदाने आपल्या बखरीत नोंदले आहे. सभासद हा स्वराज्यात वावरलेला माणूस. देवी प्रकट झाली काय, ह्याचा निर्णय इतिहासकाराने हवा तर करू नये. परंतु त्या दर्शनावर विश्वास ठेवून माणसे प्रतापगडाच्या रानात उभी राहिली असतील, तर तो विश्वास इतिहासाचाच भाग होय.

दुसरे उदाहरण ह्या दिल्लीच्या परिसरातलेच आहे. आज राष्ट्रीय राजधानी क्षेत्रात मोडणाऱ्या पानिपतावर १४ जानेवारी १७६१ रोजी सदाशिवरावभाऊ पडले. पण ते पडले हे पुष्कळांना पटलेच नाही. पार्वतीबाईंनी वैधव्य पत्करले नाही. भाऊ जिवंत आहेत, एक दिवस परत येतील, ही गोष्ट घरोघर सांगितली जाऊ लागली. आणि मग खरोखरच एक मनुष्य 'मी भाऊ' म्हणत पुढे आला. कोकणातले किल्ले त्याला वश झाले, पेशव्यांच्या राज्याला हादरा बसला, आणि १७७६ साली त्याला देहान्त शासन देऊन ते प्रकरण मिटवावे लागले. न. चिं. केळकरांनी 'तोतयाचे बंड' हे नाटक लिहिले ते ह्याच प्रकरणावर. मेलेला वीर परत येतो, ही जगातल्या सगळ्या परीकथांतली जुनी गोष्ट. ती खोटी होती. पण तिच्यापायी लोकांनी किल्ल्यांचे दरवाजे उघडले, हे खरे आहे. ही श्रद्धा गाळून पानिपताची कथा कोणी लिहिली, तर ती अधिक शास्त्रीय होईल काय? मला वाटते, ती अपुरी होईल. पार्वतीबाईंच्या कपाळीचे कुंकू हेही एक कागदपत्रच आहे.

स्कॉटच्या यशापयशातून निघणारा धडा मला असा दिसतो. अद्भुताला जागा द्यावी, पण ती पात्राच्या मनात द्यावी. लेखकाने भुताची ग्वाहीही देऊ नये आणि भूत पाहणाऱ्याला हसूही नये. फर्गसचा म्हातारा फर्गसचा आहे, म्हणून तो जगला. शुभ्रवसना स्कॉटची होती, म्हणून ती फिकी पडली.

दिल्लीतल्या फिरोजशहा कोटल्याच्या पडक्या दालनांत दर गुरुवारी माणसे येतात. दिवे लावतात, उदबत्त्या लावतात, आणि तेथे राहणाऱ्या जिन्नांच्या नावाने रीतसर अर्ज लिहून भिंतीच्या कोनाड्यात ठेवतात. कोणाची नोकरी गेलेली असते, कोणाचे मूल आजारी असते. त्या भिंतींत जिन्न आहेत की नाहीत, हे मला माहीत नाही. परंतु शंभर वर्षांनी आजच्या दिल्लीवर जो कादंबरी लिहील, त्याने संसद आणि सचिवालय रंगवून ते अर्ज मात्र वगळले, तर ह्या शहरातली पुष्कळ माणसे त्याच्या कादंबरीबाहेरच राहतील.