हात आणि हत्यार (६) : तळ सपाट नको!

गेल्या आठवड्यात जपानी रंध्याच्या, म्हणजे ‘कान्ना’च्या, पात्याला धार लावून झाली. आता ते ठोकून एकदा लाकडावर ओढून बघावं, असं वाटणारच. थोडं थांबा, निम्मं काम ठोकळ्यात शिल्लक आहे.

हा ठोकळा, ‘दाइ’, बहुधा जपानी पांढऱ्या ओकचा. आपल्याकडच्या लाकडी रंध्यात पातं पाचरीनं आवळतात. इथे पातंच वर जाड, खाली पातळ असतं आणि दोन्ही बाजूंच्या खाचांत रुतून बसतं. बैठकीचा उतार १० ला ८, म्हणजे साधारण ३९ अंश. नव्या ठोकळ्यात ही बैठक मुद्दाम घट्ट ठेवलेली असते. पात्याच्या पाठीला पेन्सिलीचं शिसं फासा, पातं हलकेच ठोकून बसवा, काढा. बैठकीवर जिथे काळा डाग उमटला तेवढंच पटाशीनं खरवडा. पुन्हा शिसं, पुन्हा ठोका. काम कंटाळवाणं खरं, पण घाईत जास्त खरवडलं की पातं सैल होतं आणि बैठकीवर कागद चिकटवत बसावं लागतं. पात्याच्या दोन्ही कडांना मात्र किंचित मोकळीक हवीच. नाहीतर कोरड्या हवेत ठोकळा आकसतो, पातं काही आकसत नाही, आणि ठोकळा चिरतो.

आता तळ. रंधा घेताना आपण तो उलटा करून, एक डोळा मिटून तळ सरळ आहे का ते बघतो. कान्नाला ही परीक्षा लावू नका. शेवटचा हात मारायच्या कान्नाचा तळ लाकडाला दोनच ठिकाणी टेकतो : पुढच्या टोकाला आणि तोंडाच्या अगदी अलीकडे. मधला भाग केसभर पोकळ, तोंडामागचाही किंचित उतरवलेला. त्यामुळे हाताचा दाब पात्यासमोरच एकवटतो आणि लाकडाची नस उपटली जात नाही. शिवाय हवा बदलली की ठोकळा हलतोच. अख्खा तळ सपाट राखण्यापेक्षा दोन अरुंद पट्ट्या राखणं कितीतरी सोपं.

तळ खरवडताना पातं आत ठोकलेलंच हवं, फक्त धार तोंडाच्या जराशी आत. पात्याच्या दाबानं ठोकळा किंचित फुगतो. रिकाम्या ठोकळ्यावर साधलेला तळ पातं बसवताच बिघडतो.

जपानात १९९७ पासून ‘केझुरो-काई’च्या मेळाव्यांत छिलक्याची जाडी मायक्रॉनमध्ये मोजतात. बघायला बहार येते, पण घरच्या टेबलाला इतक्या पातळ छिलक्याची गरज नाही.

पातं पुढे काढायला त्याच्या डोक्यावर टिचकी. मागे घ्यायला ठोकळ्याच्या मागच्या कडेवर, डावीकडे-उजवीकडे आलटून पालटून. मधोमध मारलं तर ठोकळा फुटायची भीती. मग उजव्या हातानं ठोकळा, डाव्यानं पात्याचं डोकं धरा आणि कमरेतून मागे सरकत ओढा. छिलका एका बाजूला जाड आला, तर त्याच बाजूनं पात्याच्या डोक्याला आडवी टिचकी द्या.

पुढच्या आठवड्यात पात्यावरचं जोडपातं.