टाळूचे भोक कशाने बुजवावे?

नाक चिमटीत घट्ट धरून 'मामा' म्हणून पाहा. 'बाबा'सारखे ऐकू येईल, कारण 'म'ला नाकातून जाणारी हवा लागते. आता उलटा विचार करू. वरच्या जबड्याचा भाग शस्त्रक्रियेत काढला आणि टाळूला भोक राहिले, तर 'ब'साठी तोंडात हवा कोंडताच येत नाही. 'बाबा' म्हणावे तर 'मामा' उमटते. पाण्याचा घोट नाकातून बाहेर येतो.

तंबाखू-गुटख्यामुळे होणारा तोंडाचा कर्करोग आपल्या खानदेशाला नवा नाही. (गुटख्यावर राज्यात २०१२ मध्ये बंदी आली, हे टपरीपाशी उभे राहून कोणाला पटणार नाही!) २०२१ मध्ये करोनापाठोपाठ आलेल्या काळ्या बुरशीनेही राज्यात अनेकांचे वरचे जबडे काढावे लागले.

हे भोक बुजवणाऱ्या कवळीला ऑब्ट्युरेटर म्हणतात. सोळाव्या शतकात फ्रेंच शल्यचिकित्सक आंब्रोआझ पारे याने धातूच्या पत्र्याला स्पंज जोडून ती बनवली होती. आज ती बहुधा अॅक्रिलिकची असते. का, ते दहावीच्या गणिताने पाहू.

भोकात बसणारा गोळा २५ घन सेंटिमीटरचा धरू. अॅक्रिलिकची घनता १.१८, म्हणजे भरीव गोळा सुमारे ३० ग्रॅमचा. तोच पोकळ, २ मिलिमीटर जाडीचा केला, तर जेमतेम ९ ग्रॅम. कोबाल्ट-क्रोमियमचा भरीव गोळा मात्र २०० ग्रॅमच्या वर जाईल. ३० ग्रॅम म्हणजे काय मोठे, असे वाटेल. पण तरफ आठवा. आधाराचे दात एका बाजूला उरलेले आणि ओझे दुसऱ्या बाजूला लोंबणारे. ते दात हळूहळू हलू लागतात. म्हणून धातूचा उपयोग पातळ सांगाडा आणि दातांना धरणारे आकडे यांपुरताच. टायटॅनियम हलके खरे (घनता ४.५), पण वितळले की ते हवेशी संयोग पावते, साध्या भट्टीत त्याचे ओतकाम होत नाही.

सिलिकोन मऊ असते. वेड्यावाकड्या खाचेत दबून बसते, जखमेच्या कडांना टोचत नाही. पण ते अॅक्रिलिकला नीट चिकटत नाही, कडांना सुटते, आणि त्यावर कँडिडा ही बुरशी सहज वाढते.

अॅक्रिलिकही निर्दोष नाही. पडले तर फुटते. घट्ट होताना आकसते. द्रव मोनोमर शिल्लक राहिला तर तोंडाची आग होते. तरी आम्ही त्याच्याच बाजूचे. शस्त्रक्रियेनंतर कित्येक महिने जखमेचा आकार बदलत राहतो, आणि अॅक्रिलिक तेवढेच घासता येते, त्यात भर घालता येते. धुळ्यात एसीपीएम दंत महाविद्यालय आहे. पण चोपडा-यावलकडच्या सातपुड्याच्या पायथ्याच्या पाड्यावरून आलेल्या रुग्णाला दर खेपेला मजुरी बुडवून यावे लागते. त्याची कवळी जवळच्या दंतवैद्याकडे, एका बैठकीत सुधारता आली पाहिजे.

ती रात्री काढून, धुऊन, साध्या पाण्यात ठेवायची. उकळत्या पाण्यात टाकली तर वाकते, आणि आपल्याकडच्या मे महिन्यात कोरडी ठेवली तर सुकून तिचा आकार बिघडतो.