तिरुवय्यारु येथील त्यागराज-आराधना : उत्सवाचा यजमान कोण ?

तंजावरच्या मराठी दरबारानें संगीतास दिलेला आश्रय सर्वश्रुत आहे. त्यामुळें तंजावरच्या उत्तरेस अवघ्या १३ किलोमीटरांवर, कावेरीकांठीं तिरुवय्यारु (पंचनदक्षेत्र) येथें दरसाल होणाऱ्या त्यागराज-आराधनेचें श्रेयहि त्याच दरबारास देण्याचा मोह होतो. तो आवरला पाहिजे.

त्यागराज पौष वद्य ५ शके १७६८ (६ जानेवारी १८४७) रोजीं समाधिस्थ झाले. अंतसमयापूर्वीं त्यांनीं संन्यास घेतला होता, म्हणून देहास अग्नि न देतां नदीतीरीं समाधि दिली. सरफोजी महाराजांचें बोलावणें त्यांनीं नाकारलें ही कथा दक्षिणेंत सर्वतोमुखी आहे. पण ती आख्यायिका होय, अस्सल कागदाच्या पंक्तीस तिला बसवूं नये.

मग यजमान गांव म्हणावें काय ? समाधि पुढें मोडकळीस आली होती. १९०३ सालीं तिचा जीर्णोद्धार केला तो उमयाळपुरम् येथील कृष्ण व सुंदर भागवत या वृद्ध शिष्यांनीं. नंतर उत्सव वाढला तसे त्यांत पक्ष पडले, आणि स्त्रियांस समाधीपुढें गाण्याची मनाई राहिली. अशा स्थितींत बंगळूर नागरत्नम्मा या देवदासी कुळांतील गायिकेनें स्वतःच्या मिळकतींतून तेथें मंदिर उभारिलें. १९२५ सालीं त्याची प्रतिष्ठा झाली. (मुद्दुपळनीकृत राधिकासांत्वनमु या तेलुगु काव्याची १९१० ची आवृत्ति हिचीच, म्हणजे ही बाई आपल्याच पंथांतली!) ज्या मंदिरास तिनें सर्वस्व वेंचलें तेथेंच तिला गाऊं देईनात, तेव्हां तिनें स्त्रियांचा निराळा उत्सव मांडिला. १९४१ सालीं सारे पक्ष एक झाले. हल्लीं पंचमीस सर्वांनीं मिळून पंचरत्न कीर्तनें म्हणण्याची जी प्रथा पुष्कळांस पुरातन वाटते, ती याच सुमाराची आहे.

सारांश, उत्सव उभा केला तो बाहेरगांवच्या शिष्यांनीं व एका परप्रांतीय स्त्रीनें. गांवानें दिली ती भूमि, नदी आणि तिथि. त्यांतहि गांव तमिळ, राज्य मराठी, आणि कीर्तनें बहुतेक तेलुगु !

कीर्तनांचे कागदहि तेथें राहिले नाहींत. वालाजापेठ येथील शिष्य वेंकटरमण भागवत यांच्या घराण्यांत जतन झालेलीं हस्तलिखितें मदुरेच्या सौराष्ट्र सभेकडे गेलीं. आराधना ऐकावयाची तर तिरुवय्यारुस जावें. पाठ ताडून पाहणारानें मात्र मदुरेचीच वाट धरावी.