टाचदुखी आणि बुटाचं काम

पनवेलहून जुन्या पुणे रस्त्याने निघालं की कोन लागतं. डिसेंबर २०१६ मध्ये म्हाडाने इथल्या २,४१७ घरांची सोडत काढली, ती गिरणी कामगारांसाठी आणि त्यांच्या वारसांसाठी. ज्यांची उमेदीची वर्षं साच्यांपुढे उभं राहून गेली, त्या पिढीच्या नावाची ही घरं. इथून रसायनी-पाताळगंगेच्या कारखान्यांत जाणारा माणूस आठ तास सेफ्टी शूजमध्ये उभा असतो, आणि रविवारी प्रबळगड-कलावंतीण चढून आलेली पोरं सोमवारी सकाळी पलंगावरून खाली पाय ठेवताना ‘आई गं’ म्हणतात. वय वेगळं, काम वेगळं, पण ठणका त्याच जागी: टाचेच्या तळाशी, किंचित आतल्या बाजूला.

मग कोणीतरी सांगतं, ‘हाड वाढलंय, चांगले स्पोर्ट्स शूज घ्या.’ या वाक्याचे दोन्ही भाग तपासून पाहण्यासारखे आहेत.

आधी हाड. एक्स-रेत टाचेखाली काट्यासारखं हाड दिसतं खरं. पण तसं हाड असूनही न दुखणारे लोक भरपूर आहेत आणि हाड नसूनही बेजार झालेलेही. दुखतो तो बहुतेकदा ‘प्लांटर फॅशिया’ नावाचा जाड पट्टा. टाचेच्या हाडापासून निघून तो बोटांच्या मुळाशी जातो आणि धनुष्याच्या दोरीसारखा पायाची कमान ताणून धरतो. त्याचं काम घरबसल्या पाहता येतं. अनवाणी उभे राहा आणि कोणाला तरी तुमच्या पायाचा अंगठा हाताने वर उचलायला सांगा. कमान आपोआप वर येते. अंगठा वळला की पट्टा चवड्याच्या हाडांभोवती गुंडाळला जातो आणि टाचेला पुढे ओढतो. जे. एच. हिक्स यांनी १९५४ मध्ये ही यंत्रणा मांडली. चालताना प्रत्येक पावलाला, टाच उचलताना, हेच घडतं.

रात्री पाऊल सैल पडतं, पोटरी आणि हा पट्टा आखडून राहतात. सकाळी त्यांच्यावर एकदम सगळं वजन येतं, म्हणून पहिली काही पावलं सर्वांत वाईट. कोणाला हे दुखणं जास्त गाठतं, याचा अमेरिकेतला २००३ सालचा एक अभ्यास आहे. ५० रुग्णांची तुलना १०० निरोगी लोकांशी केली, तेव्हा तीन गोष्टी ठळक दिसल्या: घोट्यातून पाऊल वर न वळणं, म्हणजे आखडलेली पोटरी, वाढलेलं वजन, आणि दिवसाचा बहुतेक वेळ पायांवर काढायला लावणारं काम.

आता बूट. दुकानात गेलात की पहिला प्रश्न येतो, ‘फ्लॅट फूट आहे का?’ मग तुमचं पाऊल आत कलतं की बाहेर, हे पाहून ‘सपोर्ट’वाला जोड पुढे येतो. ही पद्धत बूट कंपन्यांनी रुळवली. तर्क सरळ वाटतो: पाऊल आत कलतं, तर बुटाने ते सावरावं. अमेरिकी लष्कराने नंतर भूदल, हवाई दल आणि मरीन अशा तिन्हीकडच्या हजारो नव्या रंगरुटांवर हा तर्क तपासला. अर्ध्यांना कमानीच्या आकाराप्रमाणे बूट दिले, उरलेल्यांना सरसकट एकच. दुखापतींच्या प्रमाणात सांगण्यासारखा फरक पडला नाही. लक्झेंबर्गमधल्या ३७२ धावपटूंच्या चाचणीत मात्र पाऊल बरंच आत कलणाऱ्यांना आधाराच्या बुटांचा फायदा दिसला. म्हणजे असा बूट थोतांड नव्हे. पण तो सगळ्यांना लागतो असंही नाही.

मऊपणाचंही तसंच. लक्झेंबर्गच्याच दुसऱ्या प्रयोगात ८४८ धावपटूंना बाहेरून सारखे दिसणारे मऊ आणि कडक बूट दिले. कडक बूट घालणाऱ्यांना दुखापतीचा धोका सुमारे दीडपट निघाला. गंमत अशी, की मऊ बुटाचा लाभ वजनाने हलक्या लोकांना जास्त झाला. जाड माणसाला जाड, मऊ सोल हवा, ही आपली समजूत इथे टिकत नाही.

मग निवडायचं कशावर? कॅनडातल्या एका प्रयोगाने २००१ मध्ये दिलेलं उत्तर अगदी साधं आहे. २०६ सैनिकांपैकी एका गटाला सहा प्रकारचे इनसोल घालून बघायला सांगितलं आणि ज्याला जो सर्वांत आरामदायी वाटला तोच वापरायला दिला. निवड माणसागणिक वेगळी निघाली, पण इनसोल न मिळालेल्या गटापेक्षा त्यांच्या पायांच्या तक्रारी कमी राहिल्या. पाय स्वतःच चांगला परीक्षक आहे, असं आज अनेक संशोधक मानतात.

परीक्षा मात्र नीट घ्यायला हवी. दिवसभरात पाय थोडे सुजतात, म्हणून खरेदी संध्याकाळी करावी, आणि रोजचे मोजे घालून. दोन्ही पाय क्वचितच सारखे असतात. मोठ्या पायाचं माप धरा. उभं राहिल्यावर सर्वांत लांब बोटापुढे अंगठ्याच्या रुंदीइतकी जागा राहावी. बूट हातात घेऊन वाकवा: तो बोटांपाशी वाकावा, मधोमध घडी पडली तर ठेवून द्या. टाचेमागची वाटी अंगठ्याने दाबा, ती लगेच चेपू नये. पिळून पाहा, फडक्यासारखा पिळला जाऊ नये. ताठ सोलमुळे बोटं कमी वळली की पट्ट्यावरची ओढ कमी होते आणि सपाट चपलेपेक्षा किंचित उंच टाच पोटरीला सैल सोडते, म्हणून दुखऱ्या टाचेला असा बूट मानवतो. सगळ्यांत शेवटी दुकानातच पाच-दहा मिनिटं चाला. ‘घालून घालून सैल होईल’ या आश्वासनावर बूट घेऊ नका.

नंबरात अडकू नका. आपण वापरतो ती ब्रिटिश मापं ब्रिटिश पायांवरून आली. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने डिसेंबर २०२१ ते मार्च २०२२ या काळात देशातल्या ७९ ठिकाणी १,०१,८८० लोकांचे पाय त्रिमिती यंत्राने मोजले. भारतीय पाय पाश्चात्त्य पायापेक्षा रुंद निघाला. यातूनच ‘भा’ या स्वदेशी मापपद्धतीचा प्रस्ताव आला. चवड्याला आवळतो म्हणून आपण एक नंबर मोठा घेतो. मग टाच आत सरकते आणि नाडी करकचून बांधावी लागते. त्यापेक्षा त्याच लांबीचा रुंद जोड मागावा.

बूट कायमचाही नसतो. सोलच्या फेसातले हवेचे बुडबुडे दाबून दाबून चपटे होतात. साधारण ५०० ते ८०० किलोमीटरनंतर धक्का सोसण्याची ताकद उतरते, वरून बूट कितीही नवा दिसो.

पाय परीक्षक आहे, पण एका मोठ्या वर्गाचा हा परीक्षक गप्प असतो. हे आपल्या देशाने फार पूर्वी शिकलं, कुष्ठरोगाकडून. डॉ. पॉल ब्रँड १९४६ पासून वेल्लोरला काम करत होते. कुष्ठरुग्णांची बोटं रोगाने झडतात, असं तेव्हा मानलं जाई. ब्रँड यांनी दाखवलं, की संवेदना गेलेली असते; खडा टोचतो, बूट चावतो, तरी माणूस चालत राहतो आणि सततच्या दाबाने जखम होते. यातून मऊ मायक्रोसेल्युलर रबराच्या, दाब पसरवणाऱ्या चपला रुळल्या. सरकारी कुष्ठरोग कार्यक्रमात त्या आजही ‘एमसीआर चपला’ म्हणून देतात. पनवेल तालुक्यातच, नेरे इथल्या शांतिवनात अशा रुग्णांचं पुनर्वसन होत आलं आहे.

आज हाच धडा मधुमेहींना लागू पडतो. आयसीएमआरच्या २०२३ च्या अंदाजाने देशात १० कोटींहून जास्त मधुमेही आहेत. त्यातल्या ज्यांचे तळपाय बधिर झाले, त्यांना चावणारा बूटही ‘छान बसला’ वाटतो. त्यांनी बूट डोळ्यांनी आणि हातांनी निवडावा: घालण्याआधी आत हात फिरवून खडा, शिवण, घडी तपासावी, नवा जोड घरात थोडा वेळ घालून काढावा आणि कातडी कुठे लाल झाली का ते पाहावं, तळवा रोज आरशात बघावा.

बाकीच्यांनीही सगळा भार बुटावर टाकू नये. डेन्मार्कमध्ये ४८ रुग्णांवर झालेल्या चाचणीत टाचेखालच्या गादीसोबत व्यायाम दिला होता: बोटांखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून पायरीवर उभं राहायचं, टाच सावकाश वर न्यायची, सावकाश खाली आणायची, एक दिवसाआड. तीन महिन्यांत हा गट गादीसोबत फक्त पाय ताणणाऱ्या गटापेक्षा बराच पुढे होता. बहुतेकांची टाचदुखी वर्षभरात ओसरते. रात्री झोपेतही दुखत असेल, सूज किंवा बधिरपणा असेल, पडल्यानंतर पाय टेकवत नसेल, तर मात्र बुटांचं दुकान नव्हे, डॉक्टर गाठावा. आणि गाठलाच, तर रोजचे जुने बूट सोबत न्यावेत. सोल कुठे झिजला आहे, यावरून पायावर भार कसा पडतो ते त्यांना कळतं.