विदाभांडारातील वर्तनबदल

विदाभांडारातील वर्तनबदल : संगणकीय विदाभांडाराच्या आज्ञावलीत सुधारणा झाल्यानंतर, साठविलेली विदा आणि तिला विचारलेला प्रश्न ही दोन्ही तशीच असताना उत्तर मात्र वेगळे मिळू लागणे, यास वर्तनबदल म्हणतात. तो दोषाहून भिन्न होय. दोषात आज्ञावली तिच्यासाठी ठरविलेले काम करीत नाही. वर्तनबदलात ती ठरविलेलेच काम करते, परंतु ते काम आता निराळ्या रीतीने ठरविलेले असते. खुद्द विदेतील बदलाहूनही तो वेगळा आहे. १ मे १९८१ रोजी जालना जिल्हा अस्तित्वात आला, तेव्हा भोकरदन तालुक्यातील हसनाबाद हे गाव औरंगाबाद जिल्ह्यातून नव्या जिल्ह्यात गेले. १९७१ च्या व पुढील जनगणनांचे जिल्हावार आकडे ताडून पाहताना हे लक्षात घ्यावे लागते. पण तो बदल वस्तुस्थितीतील असून सर्वांस ठाऊक आहे. वर्तनबदलात वस्तुस्थिती जागच्या जागी राहते व मोजण्याची रीत बदलते.

विदाभांडार म्हणजे अनेक कार्यालयांतील वा व्यवहारांतील नोंदी विश्लेषणासाठी एकत्र आणून दीर्घकाळ जतन करणारी यंत्रणा. ही कल्पना १९८० च्या दशकाच्या अखेरीस मांडली गेली व विल्यम इन्मॉन यांच्या १९९२ मधील ग्रंथामुळे तिचा प्रसार झाला. प्रारंभी अशी भांडारे संस्थेच्या स्वतःच्या संगणकांवर असत. गूगलचे बिगक्वेरी, ॲमेझॉनचे रेडशिफ्ट आणि २०१२ मध्ये स्थापन झालेल्या स्नोफ्लेक कंपनीचे याच नावाचे भांडार यांच्यामुळे २०१० नंतर ती क्लाउडवर, म्हणजे पुरवठादाराच्या दूरस्थ संगणकसमूहावर जाऊ लागली. या स्थलांतराचा एक परिणाम फारसा चर्चिला जात नाही. स्वतःच्या संगणकावरील आज्ञावलीची नवी आवृत्ती केव्हा बसवावयाची, हे पूर्वी संस्था ठरवीत असे; जुनी आवृत्ती वर्षानुवर्षे चालविण्याची मुभाही तिला असे. क्लाउडवर आवृत्ती पुरवठादाराची असते आणि दिनांकही बव्हंशी त्याचाच असतो.

बदलाचे स्वरूप पुष्कळदा अगदी क्षुल्लक भासते. बिगक्वेरीचे उदाहरण बोधप्रद आहे. तिच्या मूळ प्रश्नभाषेत दोन सारण्यांच्या नावांमध्ये स्वल्पविराम दिल्यास त्या सारण्या एकाखाली एक जोडल्या जात. २०१६ मध्ये आणलेल्या प्रमाण भाषेत त्याच स्वल्पविरामाचा अर्थ पहिल्या सारणीतील प्रत्येक ओळीची दुसरीतील प्रत्येक ओळीशी जोडी लावणे असा झाला. तसेच, एखाद्या स्तंभात भिन्न मूल्ये किती, या प्रश्नाचे उत्तर जुन्या भाषेत संख्या हजारापलीकडे गेली की मुळात अंदाजे दिले जाई. नव्या भाषेत ते काटेकोर मिळू लागले. येथे नवे उत्तर अधिक बरोबर असते, तरीही गतवर्षीच्या अहवालाशी ते जुळत नाही व वाढ किंवा घट झाल्याचा आभास होतो. गूगलने दोन्ही भाषा शेजारी शेजारी ठेवून निवड वापरकर्त्यावर सोपविली, हे इष्टच झाले.

कधी कधी आज्ञावलीने न दिलेल्या आश्वासनावर लोक विसंबलेले असतात. मायएसक्यूएल या विदाधार आज्ञावलीत आवृत्ती ५.७ पर्यंत गटवारी केलेली उत्तरे आपोआप क्रमाने लागत. आवृत्ती ८.० पासून, म्हणजे २०१८ पासून, हा क्रम नाहीसा झाला. क्रम हवा असल्यास तो प्रश्नात स्पष्टपणे मागावा, हा नियम आधीपासून होताच. पण न मागता मिळत असल्याने कित्येकांनी तो मागितला नव्हता. वापरणारे पुरेसे झाले की आज्ञावलीच्या प्रत्येक दृश्य लकबीवर कोणी ना कोणी अवलंबून राहतेच, अशा आशयाचे एक निरीक्षण अभियंता हायरम राइट यांच्या नावाने प्रसिद्ध आहे. रिकाम्या नोंदी क्रमात आधी धराव्यात की शेवटी, सातास दोनांनी भागल्यास साडेतीन यावेत की अपूर्णांक सोडून तीन, आठवडा रविवारी सुरू व्हावा की सोमवारी, यांबाबत निरनिराळ्या भांडारांत आजही एकवाक्यता नाही. एका भांडारातून दुसऱ्यात जाणाऱ्यास हेच भेद वर्तनबदल म्हणून अनुभवास येतात.

सर्वांत फसवे बदल वेळेसंबंधीचे असतात. भारतात पावसाचा दिवस सकाळी ८.३० पासून दुसऱ्या दिवशी सकाळी ८.३० पर्यंत मोजला जातो. महाराष्ट्रात महसूल मंडळनिहाय स्वयंचलित हवामान केंद्रे उभारण्यात आली असून, चोवीस तासांत ६५ मिमी.हून अधिक पाऊस झाल्यास त्या मंडळात अतिवृष्टी झाल्याचे मानण्यात येते. पंचनामे व मदत यांचा प्रारंभ बहुधा या आकड्यापासून होतो. हसनाबाद हे असे एक मंडळ आहे. येथील केंद्राची विदा क्लाउडवरील एखाद्या भांडारात साठविली आहे, असे केवळ स्पष्टीकरणासाठी कल्पू. प्रत्यक्ष शासकीय यंत्रणेशी या उदाहरणाचा संबंध नाही. प्रत्येक नोंदीच्या वेळेतून साडेआठ तास वजा करून दिनांक काढावा व दिनांकवार बेरीज करावी, असा प्रश्न भांडाराला रोज विचारला जातो. परतीच्या पावसात, सोयाबीन कापून शेतात पडलेले असताना, दुपारी बारा ते चारपर्यंत ७२ मिमी. पाऊस झाला, त्यांपैकी ४० मिमी. दोनच्या आधी व ३२ मिमी. नंतर. भांडार भारतीय प्रमाणवेळ धरीत असेल, तर बेरीज ७२ येते आणि मंडळ मर्यादा ओलांडते. आज्ञावलीतील सुधारणेनंतर, वेळ कोणती हे प्रश्नात न सांगितल्यास ग्रीनिचशी निगडित जागतिक प्रमाणवेळ धरावी असे ठरले, तर पावसाचा दिवस भारतीय वेळेनुसार दुपारी दोनला सुरू होईल. मग एका दिवशी ४० व दुसऱ्या दिवशी ३२ मिमी. अशी नोंद होईल आणि दोन्ही दिवस मर्यादेच्या आत राहतील. प्रश्नातील एक अक्षरही बदललेले नसेल, संगणक कोणतीही चूक दाखविणार नाही आणि महिन्याची एकूण बेरीजही बरोबर येईल. वरवर तपासणाऱ्या अधिकाऱ्यास संशय येण्याचे कारण उरणार नाही. शेतकऱ्यापाशी मात्र पाण्यात उभ्या राहिलेल्या शेताखेरीज दुसरा पुरावा नसेल. मूळ नेमणुकीची वेळ कोणती, हा प्रश्न अनाठायी नाही, हे स्नोफ्लेकच्या उदाहरणावरून दिसते. वापरकर्त्याने काही न ठरविल्यास त्या भांडारात अमेरिकेतील लॉस अँजेल्सची वेळ धरली जाते.

अशा बदलांची पूर्वसूचना देण्याच्या पद्धती आता रूढ झाल्या आहेत. स्नोफ्लेकमध्ये किरकोळ सुधारणा जवळजवळ दर आठवड्याला होतात; मात्र वर्तनबदल स्वतंत्र संचांत बांधले जातात व संचास वर्ष आणि अनुक्रमांक यांवरून नाव दिले जाते. पहिल्या टप्प्यात संच बंद असतो. ज्यास चाचणी घ्यावयाची असेल त्याने तो आपल्या खात्यापुरता चालू करावा. दुसऱ्या टप्प्यात तो आपोआप चालू होतो, पण अडचण आल्यास बंद करता येतो. त्यानंतर तो सर्वांना लागू होतो व ही सोय राहत नाही. रेडशिफ्टमध्ये चालू आवृत्तीऐवजी तिच्या मागील आवृत्तीच्या वाटेवर राहण्याचा पर्याय असतो. या सवलती उपयुक्त असल्या, तरी त्या मुदतीच्या आहेत. सूचना वाचणारे कोणी नसेल, तर मुदत निमूटपणे संपते. लहान कार्यालयांत भांडार उभारणारा कंत्राटदार निघून गेलेला असतो आणि सूचना त्याच्याच पत्त्यावर जात राहतात.

वापरकर्त्याच्या बाजूने करावयाचे उपाय साधे आहेत. वेळपट्टा, क्रम, अपूर्णांकांची पूर्णांकीकरणाची रीत इ. गोष्टी गृहीत न धरता प्रश्नात लिहाव्या लागतात. सर्व स्तंभ एकदम मागण्याऐवजी हवे तेवढेच नावाने मागावेत. नव्या आवृत्तीत एखादा स्तंभ वाढणे हा नेहमी आढळणारा बदल आहे. सर्वांत भरवशाचा उपाय म्हणजे ज्यांची उत्तरे हाताने मोजून पक्की ठाऊक आहेत असे काही प्रश्न राखून ठेवणे व संच बंद असण्याच्या टप्प्यातच ते जुन्या आणि नव्या अशा दोन्ही रीतींनी चालवून पाहणे. त्यांत मर्यादेच्या अगदी लगतच्या नोंदी मुद्दाम घ्याव्यात. शंभर मिमी. पाऊस झालेला दिवस दोन्ही रीतींत अतिवृष्टीचाच ठरण्याचा संभव असतो. फरक कळतो तो सहासष्ट आणि बहात्तर मिमी.च्या दिवसांत. तसेच प्रत्येक प्रसिद्ध आकड्यासोबत तो कोणत्या दिनांकास व आज्ञावलीच्या कोणत्या आवृत्तीवर काढला याची नोंद ठेवणे आवश्यक असते. मूळ नोंदी, म्हणजे केंद्राने दर वेळी पाठविलेला पाऊस व त्याची वेळ, बेरीज झाल्यावर पुसून टाकल्या नसतील, तरच जुना दिवस पुन्हा मोजता येतो.